कवळीचं माप

“आ कर. आणखी मोठा. आता नाकाने श्वास घे, आणि काही झालं तरी बोलू नकोस.”

“मी मेली कुठे बोलते?” म्हणत आईने बोळकं उघडलं.

धाकटीने गुलाबी लगदा भरलेला साचा आईच्या वरच्या हिरडीवर बसवला आणि बोटांनी दाबून धरला. लगदा घट्ट झाला की कवळीचं माप मिळणार होतं. दात गेले तरी आईच्या तोंडाचा पट्टा काही थांबला नव्हता. आता तो थोडा वेळ का होईना, बंद राहणार होता. सुट्टीचा दिवस, दवाखान्यात दुसरं कुणी नाही. गावभराचे दात उपटणारी, चाळिशी उलटलेली ही बाई आईसमोर अजून धाकटीच होती.

पुढच्या आठवड्यात आई कायमची तिच्याकडे राहायला येणार होती. घरात गाडीवाली होती. ती बायकांना गाडी चालवायला शिकवायची, म्हणून हे नाव आईनेच ठेवलेलं. आईच्या लेखी ती धाकटीची मैत्रीण, भाडं वाटून घेणारी. आई आली की गाडीवालीने लहान खोलीत झोपावं, असं धाकटीने सुचवलं, तेव्हा ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, “मावशींचं मी सगळं करेन गं. पण माझ्याच घरात पाहुणी होऊन नाही राहणार. त्यांना खरं सांगणार नसशील तर मी जाते.” आणि ती बोलली की करून मोकळी व्हायची.

“आई,” धाकटी म्हणाली. नजर साच्यावरच. “गाडीवाली माझी नुसती मैत्रीण नाही. नवरा-बायको राहतात ना, तशा राहतो आम्ही. गेली कित्येक वर्षं. माझं प्रेम आहे तिच्यावर.”

“ऊंऽ!” आईचे डोळे विस्फारले.

“हलू नकोस. मी लग्न नको म्हणायचे, तेव्हा तुला वाटायचं, माझ्यातच काहीतरी खोट आहे. मलाही तेच वाटायचं गं. आता नाही वाटत. पण तू येणार म्हणून मी तिला लहान खोलीत जा म्हटलं, आणि ती घरच सोडायला निघालीय.”

तिने साचा काढला. माप पार बिघडलं होतं. आईने चूळ भरली, तोंड पुसलं आणि रुमालाची घडी घालत बसली. धाकटीला वाटलं, संपलं सगळं.

“तोंड बंद करून सांगतेस होय गं?” आई शेवटी म्हणाली. “एवढी कैदाशीण वाटते का मी तुला?”

“भीती वाटली.”

“मला वाईट वाटलंय. खोटं नाही बोलणार. हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागेल, कदाचित शिरणारही नाही.” आईने डोळे टिपले. “तुझं ऑपरेशन झालं तेव्हा रात्रंदिवस उशाशी तीच होती ना?”

“हो.”

“आणि मी आपली म्हणत होते, भाडं वाटून घेणारीला एवढी कसली माया!”

धाकटीला हसू आलं, आणि त्यातच रडू फुटलं.

“आहे कुठे ती?”

“खाली, गाडीत. वर यायचा धीर होत नाहीय तिला.”

“लाव फोन.”

धाकटीने फोन लावला. आईने तो हातातून काढून घेतला.

“मी बोलतेय. लहान खोली मी घेते. तू जागची हलू नकोस,” आई म्हणाली. पलीकडून “बरं, बसते गाडीतच,” असं ऐकू आलं, तशी वैतागून पुढे म्हणाली, “म्हणजे खोलीतून हलू नकोस गं! आत्ता वर ये.”

खाली गाडीचं दार लागलं. जिन्यावर पावलं वाजली. आईने विस्कटलेले केस कानामागे सारले आणि खुर्चीत ताठ बसली.