एका दमात घाट

मी बोलतेय खालापूरच्या एका चिंचेखालून. चाकं गेली, काचा गेल्या, मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालते. तरी मी गाडीच आहे, आणि दुपारी ऊन पानांतून गळायला लागलं की मला अजून बोरघाटाची स्वप्नं पडतात.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. बोटीतून मुंबईच्या बंदरात उतरले आणि खंडाळ्याला बंगला असलेल्या एका शेटजींच्या दारात उभी राहिले. त्यांच्याकडे नवी गाडी आली तेव्हा त्यांचा जीव माझ्यावरून उडाला, आणि खालापूरच्या मालोजींनी मला घरी आणलं. मालोजींनी भातशेती भावाच्या हवाली केली आणि भाड्याची गाडी चालवायला घेतली. नवरा-नवरी म्हणू नका, बाळंतीण म्हणू नका, कर्जत स्टेशनावर उतरलेला पाहुणा म्हणू नका, सगळ्यांना मी पोटात घालून हिंडायचे. मालोजी मला रोज सकाळी फडक्याने पुसायचे आणि पुसताना माझ्याशी काहीबाही बोलायचे. मला ते फार आवडायचं.

माझी सिलिंडरं आठ, चार इकडे नि चार तिकडे, म्हणून त्यांच्यावरची झाकणंही दोन. त्यांना मिस्त्री लोक हेड म्हणतात. हेडाच्या आतून पाणी खेळतं, म्हणून खालची आग सोसवते. माझी हेडं जुनी झाली होती आणि एकाला बारीक तडा गेला होता. सपाटीवर मी राणी, पण घाट लागला की माझं डोकं तापायचं. शिंग्रोबाच्या देवळापाशी आले की वाफेचा लोट निघायचा आणि मी फतकल मारून बसायचे.

मालोजींची एकुलती एक लेक सुंदरा वर कामशेतला दिलेली. तिला सासरी न्यायची-आणायची मीच, आणि दर खेपेला शिंग्रोबापाशी बसायची मीच. मग मालोजी बॉनेट उघडून आत वाकायचे, सुंदरा पत्र्याचा डबा घेऊन झऱ्याचं पाणी आणायची आणि मी निवेपर्यंत त्यांच्या पाठीमागे कठड्यावर बसायची. माणसांची एक गंमत मी तिथे पाहिली. समोरासमोर बसली की ती एकमेकांना जेवलास का, खाल्लंस का एवढंच विचारतात. तोंडं दोन दिशांना असली की मनातलं हळूहळू बाहेर येतं. पहिल्या खेपेला सुंदरा म्हणाली, तिकडची विहीर लई खोल हाय. पुढे कधीतरी म्हणाली, सासूबाई माहेरचं नाव काढू देत नाहीत. शेवटच्या खेपेला तिने "आबा, तिकडं हे..." एवढं म्हटलं आणि मालोजी आतूनच म्हणाले, "निवली गं, बस लवकर." ती बसली. पुढचं राहिलं.

त्याच दिवशी कामशेतला सुंदराचा दीर सगळ्यांदेखत हसून म्हणाला, "मामा, ही गाडी हाय का चहाची किटली?"

मालोजींना ते झोंबलं. पुढच्या माहेरपणाला सुंदराला घरी आणलं आणि त्यांनी मला थेट खोपोलीला पोपट मिस्त्रीकडे नेलं.

मिस्त्रीने माझी हेडं उतरवली आणि गोणपाटावर हेडांच्या दोन जोड्या मांडल्या. प्रत्येक जोडीशेजारी एकेक कॅमशाफ्ट ठेवला. कॅमशाफ्ट म्हणजे माझ्या पोटातला उंचवट्यांचा दांडा. श्वास कधी घ्यायचा नि कधी सोडायचा, हे तो ठरवतो.

"ही हेडं ॲल्युमिनियमची," मिस्त्री म्हणाला. "मुंबईत शर्यतीच्या गाडीवर हुती. आत जागा कमी, दाब जास्ती. हा दांडा त्यांच्या जोडीचा. एकदा पळाया लागली तर कुनाला ऐकायची नाय. पन हळू चालवलीत तर धापा टाकंल, आनि आपल्या हितलं पेट्रोल तिला मानवंल का, ते माला सांगता येनार नाय."

"आनि ही?"

"ही बिडाची, ओतीव लोखंडाची. जड हायेत, पन पान्याच्या वाटा मोकळ्या. दांडा तुमाला सुस्त वाटंल, पन चढाला खालपासनं ओढील."

खरं सांगते, माझं मन चकाकणाऱ्या हेडांवर जडलं. ती घालून मी खोपोलीच्या बाजारातून सुसाट निघालेय आणि लोक वळूनवळून बघताहेत, असं मला दिवसाढवळ्या दिसू लागलं. मालोजीही त्यांच्यावरून हात फिरवत बसले होते. चहा निवून गेला तरी त्यांचं ठरेना. इतक्यात सुंदरा बापाची भाकरी घेऊन आली.

"तू सांग गं, कंची घालू?" मालोजींनी विचारलं.

सुंदरा बाजूला काढून ठेवलेल्या माझ्या तडकलेल्या हेडाकडे बघत राहिली. "जुनीच ऱ्हाऊ द्या ना, आबा."

"आगं, मंग घाटात पुन्ना बसंल ती."

"बसू द्या."

मालोजी आणि मिस्त्री दोघेही हसले. लेकीला बापाच्या खर्चाची काळजी, असं मालोजींना वाटलं. तिचं ऐकून ते उलट भानावर आले आणि चकाकणारी हेडं त्यांनी बाजूला सारली. "माला शर्यत नाय लावायची, मिस्त्री. पोरीला येळेवर सासरी पोचवायचीय. बिडाचीच घाला."

मी थोडी हिरमुसले, पण बिडाची हेडं चढली, तो सुस्त दांडा फिरू लागला आणि मला माझाच श्वास नवा वाटला.

सुंदराला पोचवायला निघालो त्या सकाळी घाटात धुकं होतं. मी चढत होते की तरंगत होते कुणास ठाऊक. दरीतून ढग वर येत होते, झाडं अर्धीच दिसत होती आणि माझ्या पोटात पाणी कसं शांत खेळत होतं. शिंग्रोबा आला. मालोजींनी चालत्या गाडीतूनच देवाला पैसा टाकला.

"आज नाय थांबायचं, आबा?"

"आता कशाला? बघ की कशी चढतीया."

आयुष्यभर पाहिलेलं स्वप्न खरं होत होतं. मी आनंदात इतकी बुडाले की मागच्या सीटवर ओल लागली तेव्हाच मला कळलं. सुंदराने सवयीने पाण्याचा भरलेला डबा मांडीवर घेतला होता आणि तो वळणावळणाला हिंदकळून सांडत होता.

घाटमाथ्यावर पोचल्यावर मालोजींनी कौतुकाने मागे वळून पाहिलं. लेकीचं लुगडं भिजून गेलं होतं.

"डबा कशाला धरलायस गं?"

सुंदराने डबा आणखी जवळ ओढला आणि मागे शिंग्रोबाच्या दिशेला पाहिलं. मालोजींनी मला वळवलं आणि घाट उतरून परत शिंग्रोबापाशी आणून उभं केलं.

मी जराही तापले नव्हते. तरी त्यांनी इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं आणि नेहमीसारखी लेकीकडे पाठ करून आत डोकं घातलं. बघण्यासारखं तिथे काही नव्हतं.

"बोल गं," ते आतूनच म्हणाले. "हिला निवायला येळ लागंल."

सुंदरा कठड्यावर बसली. "हे मारत्यात, आबा. लगीन झाल्यापासनं. मागल्या खेपंलाच सांगनार हुते."

नव्या हेडावर मालोजींचा हात होता आणि त्यावर टपटप पडणारं पाणी धुक्याचं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. पहिल्यांदाच वाटलं, आपण तापलो असतो तर बरं झालं असतं. मग त्यांनी डोळे पुसले, बॉनेट हळूच लावलं आणि म्हणाले, "चल, घरी जाऊ."

कामशेतची माणसं न्यायला आली तेव्हा मालोजी दारात आडवे उभे राहिले. सुंदरा इथेच राहिली. गावातल्या पोरांची बालवाडी तिने कित्येक वर्षं चालवली. मालोजी गेले, माझं चालणं थांबलं, तिचेही केस पिकले.

उद्या भंगारवाला येणार आहे. सुंदरानेच त्याला बोलावलंय, कारण खेळणाऱ्या पोरांना माझा गंजका पत्रा कापतो. मला राग नाही. काल ती आली, पुढच्या सीटवर बसली, काचेच्या रिकाम्या चौकटीतून समोर बघत राहिली आणि बराच वेळ माझ्याशी बोलली. काय बोलली ते मी सांगणार नाही.

तुमचंही कुणाला काही सांगायचं राहून गेलं असेल, तर आज दिवस मावळेपर्यंत या. मी आहे.