अर्जाच्या आधीचं बहिरेपण

तोफखान्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या त्या माणसाचा डावा कान पार गेला होता. उजव्याला फक्त आरडाओरडा कळे. वैद्यकीय मंडळाने मात्र अपंगत्व ठरवलं वीस टक्के, आणि तेही पेन्शनचा अर्ज केल्या दिवसापासून. निवृत्तीच्या तपासणीत कान ठणठणीत होते, मग बहिरेपण नोकरीतलं कशावरून, असं त्यांचं म्हणणं. त्याने अपील केलं.

तेव्हापासून त्याचा कुणावरच भरवसा राहिला नाही. शेजारी खिडकीत दिसला की तो मंडळाचा हेर. बायको आणि तिचा भाऊ स्वयंपाकघरात बोलत बसत. हा दारात आला की दोघांचे ओठ एकदम थांबत. मेहुणा त्याच्याच तुकडीत होता. यानेच तर चुगली केली नसेल?

सुनावणीत अध्यक्षबाईंनी फाईल तोंडासमोर धरून काहीतरी विचारलं. हा सापळाच, त्याला वाटलं.

"तोंड दाखवून बोला!" तो ओरडला.

बाईंनी फाईल खाली ठेवली. "म्हणजे ओठ वाचता तुम्ही. कधीपासून?"

त्याने आपल्या वकिलाकडे पाहिलं. वकिलाने त्याच्या बायकोला पुढे बोलावलं.

"हिचं काय काम इथे?" तो ताडकन उठला.

"बसा हो," ती म्हणाली आणि त्याला ओठ दिसतील अशी बाईंकडे वळली. "हे नोकरीत असतानाच रजेवर आले होते. मुलगी रडून लाल झाली, आणि हे तिच्या शेजारी पेपर वाचत बसलेले. दादाने सांगितलं, यांच्या तोफेपाशीच स्फोट झाला होता. घरी बसवतील म्हणून यांनी कुणाला कळू दिलं नाही. दर तपासणीआधी मी डॉक्टरसारखी कुजबुजायचे आणि हे ओठ वाचायची तालीम करायचे."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं जपलेलं हिने चारचौघांत उघडं केलं होतं. मेहुण्याने पाठोपाठ स्फोटाची साक्ष दिली.

बाहेर आल्यावर त्याने मेहुण्याची बाही धरली. "माझ्यापासून का लपवलंत?"

मेहुणा त्याच्या समोर उभा राहिला. "सांगितलं असतं, भावजी, तर तुम्ही आलाच नसता."

हे खरं होतं. तो बाही सोडून जिना उतरला.

पुढे निकाल आला: पन्नास टक्के, निवृत्तीच्या दिवसापासून. "इतकं सरळ? यात काहीतरी गोम आहे," म्हणत तो दुसऱ्या वकिलाकडे गेला. त्यानेही सगळं ठीक आहे म्हटल्यावर त्याला वाटलं, हे दोघं वकील आतून मिळालेले आहेत.

"आता तिसरा शोधू नका," बायको समोर बसून सावकाश म्हणाली. तो हसला, पण 'नाही शोधणार' असं काही म्हणाला नाही.