फुलीवरून बघा

मी एक जुनी सुतारी पेन्सिल आहे, पण त्यासाठी माझी कीव करू नका. आता जेमतेम बोटाएवढी उरले आहे, तरी माझी रेघ अजून काळीभोर उमटते. मित्रांनो, तुमच्या कंपासपेटीतल्या पेन्सिली गोल नाहीतर षट्कोनी असतात. बाकावर ठेवल्या की घरंगळत खाली जातात आणि मग शिसं मोडलं म्हणून रडतात. मी चपटी आहे. जिथे ठेवाल तिथेच राहते. माझ्या सगळ्या स्वभावाचं मूळ यातच आहे.

डिचोलीच्या बाजारात एका खिळे-बिजागऱ्यांच्या दुकानात मी पडून होते. इब्रामपूरच्या परशुराम मेस्तांनी मला उचललं, पटाशीने तासलं आणि थेट कानावर खोचलं. आमच्याकडे सुताराला मेस्त म्हणतात आणि मला लापीस. त्या कानावरून मी पुष्कळ जग पाहिलं. पेडण्याच्या खिडक्या, पाळी गावातली दारं, कुणाचा पाळणा, कुणाचा पाट, सगळ्यांची पहिली रेघ माझी. करवत माझ्या रेघेवरूनच चालायची. मेस्त लोकांना सांगायचे, ‘लापसाची रेघ म्हणजे सुताराचो सबद.’ हे ऐकलं की मी फुगून जायचे.

मेस्तांची काम करायची एक पद्धत होती, ती नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळेच झाला. ते चित्र कधी पूर्ण बघत नसत. एक कोपरा बघायचा, तो कापायचा. मग दुसरा कोपरा. मग तिसरा. कोपरे बरोबर असले की वस्तू बरोबर, असा त्यांचा हिशेब. आणि पट्टी सरळ आहे की नाही हे पाहायला ती डोळ्यासमोर धरून एक डोळा मिटायचा.

मेस्तांची मुलगी हर्षा तेरा वर्षांची. दुपारी बाबांचा डोळा लागला की ती मला त्यांच्या कानावरून अलगद काढायची. मला वाटलं, फुलं आणि झोपड्या काढेल. छे! तिने सारख्याच लांबीच्या दोन रेघा काढल्या आणि टोकांना अशा शेपट्या जोडल्या की एक रेघ आखूड दिसावी आणि दुसरी लांब. चढतच जाणारा आणि तरी सुरुवातीलाच येऊन पोचणारा जिना काढला. आणि एक दिवस तिने तो त्रिकोण काढला. तीन जाड पट्ट्या. पहिली दुसरीच्या पुढे, दुसरी तिसरीच्या पुढे आणि तिसरी पुन्हा पहिलीच्या पुढे. एकेक कोपरा झाकून पाहिला तर चोख. सगळा मिळून पाहिला तर डोकं गरगरतं. खरं सांगते, इतकी वर्षं दारं-खिडक्या आखल्या, पण तेव्हासारखी मजा मला कधी आली नव्हती.

शाळेत चित्रकलेच्या विनायक सरांना मात्र मजा आली नाही. ‘अशी वस्तू जगात असूच शकत नाही. समोर बघून काढत जा,’ असं म्हणून त्यांनी त्रिकोणावर लाल शाईची ठसठशीत फुली मारली. हर्षा घरी आली ती गाल फुगवूनच. मलाही राग आला. जगात नाही म्हणे! माझ्या टोकातून आला, कागदावर बसला, तो काय जगाबाहेर बसला?

त्याच आठवड्यात मेस्तांनी देवाच्या खोलीतली माटोळी खाली काढली. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर जी लाकडी चौकट टांगतात आणि जिला रानातली फळं, कांगलां, आंबाडे, सुपारीचे घोस बांधतात, ती माटोळी. वाळवीने ती पार पोखरली होती.

‘हर्षा, यंदा माटोळी तिकोनी करुया,’ मेस्त म्हणाले. ‘चित्र तू काढ. तुझो हात बरो आसा.’

हर्षाने मला हातात घेतलं आणि तोच त्रिकोण काढून दिला. तिला वाटलं, बाबा बघतील, चक्रावतील, हसतील. पण बाबांनी चित्र बघितलंच नाही. त्यांनी कोपरे बघितले! ती शाळेत असताना त्यांनी घरातली एकुलती एक सुकवलेली फणसाची फळी उभी चिरली, पट्ट्या केल्या आणि एकेक कोपरा जोडायला घेतला. रेघा मीच मारत होते. ओरडायला तोंड असतं तर ओरडले असते का? नाही! मला बघायचं होतं काय होतं ते.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दोन कोपरे जुळले आणि तिसऱ्याने दगा दिला. दोन पट्ट्या बरोबर बसल्या, तिसरी मात्र सरळ छपराकडे बघत उभी राहिली. चौकट देवाच्या खोलीत दोरीने वाशाला टांगून मेस्तांनी ती चारी बाजूंनी फिरवली. मग कागद पूर्ण उघडून पहिल्यांदाच नीट पाहिला.

‘माका फसयलंस गो? बापाक?’ ते ओरडले. ‘आता लाकूड खंयसून हाडू? परत लापीस हातात धरलंस तर बघ!’ आणि त्यांनी मला भिरकावून दिलं.

हर्षाची आई विनोदिनी दारात उभी होती. ती म्हणाली, ‘देवाच्या माथ्यार असली अर्धवट वस्तू नको. काय पण करा, पण ही नको.’

हर्षा रडत म्हणाली, ‘बाबा, तुमी हसतलास असा वाटलेला माका.’ पण मेस्तांनी पाठ फिरवली. मुलीचं चित्र काढणं संपलं, उद्या देवावर माटोळी नाही, आणि दोष कुणाचा, तर माझ्या रेघेचा. मला ते मुळीच मान्य नव्हतं. दुसरी एखादी पेन्सिल असती तर घरंगळत पेटीखाली गेली असती. मी जिथे पडले तिथेच राहिले, भुशात, खोलीच्या मधोमध.

हर्षा मला उचलायला आली. होय, मनाई असूनही आली! वाकली तेव्हा डोळ्यात भुसा गेला. एक डोळा गच्च मिटून तिने मान वर केली आणि तशीच थांबली.

‘बाबा,’ ती हळूच म्हणाली, ‘हंयसर येवा. एक डोळो मिटून बघा, तुमी पट्टी बघतास तसो.’

मेस्त आधी आलेच नाहीत. तिने तीनदा हाक मारली तेव्हा आले, वाकले आणि सवयीने डोळा मिटला. छपराकडे जाणारी पट्टी पहिल्या पट्टीला जाऊन भिडली होती. म्हणजे भिडली नव्हती, पण तिथून दिसत होती भिडलेली, तो त्रिकोण जसाच्या तसा.

‘जुळलो गो! कोपरो जुळलो!’ मेस्त ओरडले. मग सुतार जागा झाला. ‘थांब, हंय किंचित फट दिसता.’ त्यांनी मला हातात घेतलं, पट्टीच्या टोकावर एक तिरकी रेघ मारली आणि पटाशीने तेवढाच पापुद्रा काढला. फट नाहीशी झाली. विनोदिनीलाही त्यांनी वाकायला लावलं. तिने एक डोळा मिटला, दुसरा मिटला, पुन्हा पहिला. ‘पुरी आसा मगे!’ म्हणाली आणि कांगलां बांधायला बसली. फळं सगळी खालच्या कडेला, म्हणजे लाकूड उघडं राहील.

मी जिथे पडले होते, बरोबर तिथे मेस्तांनी माझ्याच टोकाने जमिनीवर एक फुली मारली.

दुसऱ्या दिवशी विनायक सर दर्शनाला आले. नमस्कार करून वर बघतात तर वेडंवाकडं लाकूड. ते काही विचारणार तोच मेस्त म्हणाले, ‘सर, त्या फुलयेर उबे रवा. मातशे वाका आनी एक डोळो मिटा.’

सर वाकले. डोळा मिटला आणि त्यांना त्रिकोण जुळलेला दिसला. मग त्यांनी हर्षाला शाळेतला तो कागद आणायला सांगितला आणि लाल फुली खोडून देतो म्हणाले.

‘रवांदे सर,’ हर्षा म्हणाली. ‘आता ती बरी दिसता.’

मित्रांनो, मी आखूड झाले म्हणून मला कचऱ्यात टाकू नका, माझ्यात अजून पुष्कळ रेघा आहेत. आणि कुणाच्या चित्रावर फुली मारायला हात शिवशिवला तर ती कागदावर मारू नका. जमिनीवर मारा, आणि आधी स्वतः तिच्यावर उभे राहून बघा.