मुकादमाचा कोरडा टब

मित्रांनो, टब म्हटला की तुम्हाला पाणी आठवत असेल. साबणाचा फेस, भिजत घातलेले कपडे, नाहीतर पाण्यात हातपाय आपटणारे बाळ. मी मात्र असा टब आहे, ज्याला पाणी लावायला आमच्या घरात सक्त मनाई आहे. मी एक जुना पत्र्याचा टब आहे, बुडाला गळका आणि कडेला वाकडा. तरीही माझ्या कोरडेपणाचा मला अभिमान वाटतो. का, ते ऐका.

एका कारागिराने मला ठोकून ठोकून घडवले. त्याच्या दुकानात आम्ही सारे टब एकावर एक रचलेले होतो. एके दिवशी एक तरुण बाई आली. तिने प्रत्येकाच्या अंगावर बोटाने टकटक करून पाहिले. माझ्यावर टकटक केली आणि ती थांबली. "हाच द्या. याचा आवाज कसा खणखणीत आहे बघा!" ती म्हणाली. माझ्या आयुष्यातले हे पहिले कौतुक. ती बाई आज या घरातल्या सासूबाई आहेत.

त्यांच्या मुलाची पहिली अंघोळ माझ्यातच झाली. पाणी डोक्यावर पडले की तो माझी कडी घट्ट धरून ठेवी आणि घर डोक्यावर घेई. पुढे तो वाढला, त्याचे पाय माझ्याबाहेर लोंबू लागले, आणि मी परसात आलो. तेथे कपडे भिजवणे, झाडांची माती कालवणे अशी पडेल ती कामे केली. मग बुडाचा सांधा उसवला आणि पाणी गळू लागले. ज्या टबात पाणी ठरत नाही, त्याला विचारतो कोण? मी कोपऱ्यात पडून राहिलो.

त्या मुलाचे लग्न झाले, सूनबाई घरात आली आणि माझे दिवस पालटले. सूनबाईचा कुत्र्यांवर भारी जीव. ती जनावरांच्या दवाखान्यात नोकरी करत होती. परगावी जाणारे शेजारी आपले कुत्रे तिच्याकडे सोडून जात. एकाचे दोन, दोनाचे चार झाले. शेवटी तिने नोकरी सोडली, परसात ओळीने छोट्या खोल्या बांधून घेतल्या आणि कुत्र्यांचे पाहुणघर सुरू केले. नवरा कामानिमित्त महिनोन्महिने बाहेर असे. सगळा भार हिच्यावरच.

तिची एक पद्धत होती. कुत्रा सोडायला येणाऱ्याने स्वतःच्या अंगावरचा एक कपडा आणायचा. "आणि धुवून आणू नका हं, घामाचाच वास हवाय मला," ती बजावून सांगे. लोक हसत. पण रात्री तोच कुत्रा त्या मळक्या सदऱ्यात नाक खुपसून निवांत झोपे. सकाळी खोल्या पुसताना हे सगळे कपडे ठेवायला तिने मला निवडले. कोरड्या कपड्यांना गळका टब चालतो! ही युक्ती मला फार आवडली, आणि ती काढणारी त्याहून आवडली.

पाहुण्यांत एक म्हातारा तपकिरी कुत्रा होता. त्याचा मालक एकटा राहणारा शिंपी. इस्पितळात जाताना तो कुत्र्याला आणि आपल्या तपकिरी स्वेटरला येथे ठेवून गेला, तो परत आलाच नाही. कुत्रा मात्र राहिला. रोज सकाळी तो प्रत्येक खोलीच्या दाराशी जाऊन आत डोकावे, म्हणून सगळे त्याला मुकादम म्हणू लागले. आपला स्वेटर तो स्वतः तोंडात धरून आणी, माझ्यात टाकी, आणि पुसापुशी होईपर्यंत पहारा देत उभा राही. मग तो ओढून नेताना माझ्या उसवलेल्या सांध्यात दोन-चार धागे अडकून राहत.

अशात नगरपालिकेचा नवा नियम आला. दुसऱ्यांची जनावरे सांभाळायची तर परवाना हवा. महिनाअखेरपर्यंत तो मिळाला नाही तर कामाला कुलूप. सूनबाईने अर्ज केला, आणि तपासणीला डॉक्टरीणबाई येणार असल्याचे कळले. सासूबाई तर सुनेहून जास्त काळजीत पडल्या. सुरुवातीला कुत्र्यांना नाक मुरडणाऱ्या सासूबाई आता येताजाता विचारत, "मिळेल ना गं परवाना?"

तपासणीच्या आदल्या दिवशी सूनबाई पाण्याची टाकी स्वच्छ असल्याचा दाखला आणायला गेली. सासूबाईंनी कंबर कसली. जाळ्या घासल्या, फरशा आरशासारख्या केल्या. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली.

"शी! हा फुटका टब बघून डॉक्टरीणबाई काय म्हणतील?"

त्यांनी आतले कपडे काढून घेतले आणि मला परसातल्या शेडच्या मागे नेऊन ठेवले, भंगारवाल्याची वाट पाहत. मला साधे विसळलेदेखील नाही. भंगाराला कोण अंघोळ घालतो? एका नव्याकोऱ्या निळ्या प्लास्टिकच्या टबात गरम पाणी पडल्याचा आवाज मी ऐकला. मला फार वाईट वाटले.

संध्याकाळी सूनबाई आली. दोरीवर सगळे कपडे ओळीने वाळत होते.

"आई, सगळे धुतलेत?"

"सगळे! तो स्वेटर तर दोनदा उकळला. केवढा मळ गं!"

सूनबाई मटकन पायरीवर बसली. तिने आवाज चढवला नाही, पण कपडे का धुवायचे नसतात ते पुन्हा समजावून सांगितले. सासूबाई करायला गेल्या एक आणि झाले भलतेच.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या, तेव्हा फरशी चकचकीत होती, पाणी स्वच्छ होते, आणि कुत्री केकाटत होती. कुणी जेवले नव्हते, कुणी स्वतःच्या खोलीत जायला तयार नव्हते. शेडच्या मागून मला सारे ऐकू येत होते.

"ही इतकी बिथरलीत का?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"आमच्याकडून एक चूक झाली मॅडम," सूनबाई म्हणाली.

"आमच्याकडून नाही, माझ्याकडून," सासूबाई पुढे झाल्या. "हिनं मला शंभरदा सांगितलं होतं, कपड्यांना हात लावू नका म्हणून. मीच ऐकलं नाही. माझ्यामुळे हिचा परवाना अडवू नका, डॉक्टर."

मित्रांनो, घरात ज्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे, त्या बाई परक्या माणसासमोर सुनेसाठी मान खाली घालून उभ्या होत्या. त्यांनी मला भंगारात काढले होते, तरी त्या क्षणी माझा ऊर त्यांच्यासाठी भरून आला.

तेवढ्यात सूनबाईच्या लक्षात आले की मुकादम कुठे दिसत नाही. तपासणीच्या वेळीच कुत्रा हरवला, तर परवाना मिळालाच म्हणायचा! खोल्या पाहिल्या, फाटक पाहिले. "मुकादम! मुकादम!" हाका सुरू झाल्या.

मुकादम कुठे होता ते फक्त मला ठाऊक होते. तो पहाटेच हुंगत हुंगत शेडच्या मागे आला होता. माझ्या सांध्यातल्या धाग्यांशी त्याने नाक नेले, बराच वेळ तसाच उभा राहिला, मग माझ्यात चढला आणि अंग मुडपून झोपला. हे मी ओरडून सांगितले असते, पण कुणी वाजवल्याशिवाय टबाला आवाज कुठून फुटणार?

सूनबाईची हाक जवळ आली. मुकादमने डोळे उघडले. उठायची त्याची इच्छा नव्हती, पण शेपूट काही ऐकेना. ते माझ्या पत्र्यावर आपटू लागले. ठण, ठण, ठण.

"थांबा!" सासूबाई ओरडल्या. "हा माझ्या टबाचा आवाज आहे!"

सगळ्या धावत शेडमागे आल्या. डॉक्टरीणबाई माझ्याजवळ उकिडव्या बसल्या. धाग्यांवर टेकलेले ते नाक त्यांनी पाहिले. सूनबाईने शिंप्याची गोष्ट सांगितली. त्या ऐकत राहिल्या, पण कामाच्या बाबतीत पक्क्या होत्या.

"आज मला सही करता येणार नाही," त्या म्हणाल्या. "सगळी कुत्री नीट जेवताना, झोपताना बघेन, मगच. न कळवता येईन. आणि या टबाची कड धारदार आहे, त्याला कापेल. असा टब चालणार नाही."

"कडेचं मी बघते," सासूबाई म्हणाल्या.

भंगारवाला आला आणि हात हलवत परत गेला. सासूबाईंनी जुना रबरी पाइप लांबीत चिरला आणि माझ्या कडेवर गच्च बसवला. जेथे पत्रा वर आला होता तेथे बाहेरून हळूहळू ठोकला. आतून मला कुणालाही हात लावू दिला नाही. सूनबाईने मालकांना फोन करून कुरिअरने नवे मळके कपडे मागवले. तिने झाली चूक प्रत्येकाला सांगितली, काही लपवले नाही. शिंप्याकडून मात्र आता काहीच येणार नव्हते. मुकादमसाठी उरलो होतो तो मी.

डॉक्टरीणबाई खरेच न कळवता आल्या, ऐन दुपारी. परसात चिडीचूप होते. त्या प्रत्येक खोलीपाशी थांबल्या, रिकाम्या थाळ्या पाहिल्या. शेवटच्या खोलीत मुकादम माझ्यात घोरत होता. माझ्या कडेवरून त्यांनी तळहात फिरवला, एक संपूर्ण फेरी. मग तेथेच बसून सही केली.

सूनबाईने परवाना मोठ्याने वाचून दाखवला. त्यात प्रत्येक खोलीची नोंद होती, आणि शेवटच्या खोलीपुढे लिहिले होते: 'पत्र्याचा टब, बिछाना म्हणून मान्य.' सासूबाईंनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग पुन्हा. सूनबाईच्या डोळ्यांत पाणी होते आणि ती हसत होती.

मित्रांनो, शिंप्याचा वास माझ्यात आता कितीसा उरला असेल, मला सांगता येणार नाही. मुकादमला तो पुरतो आहे, एवढे खरे. तुम्ही घर जरूर स्वच्छ ठेवा. पण एखादी जुनी, मळकी वस्तू धुण्याआधी किंवा टाकण्याआधी एकदा विचारा, की यावर कुणाचा जीव आहे का? ज्याचा जीव आहे, त्याला बोलता येत नसेल, तर जरा जास्त वेळ थांबा.

परवाच एक नवी मदतनीस कामाला आली. बिचारी मन लावून परस धूत होती. धुता धुता तिने पाण्याचा पाइप माझ्याकडे वळवला, आणि स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज कडाडला, "अगं ए! त्याला पाणी नको! परवाना आहे त्याच्याकडे!"