तळघरातली इस्त्री

हॉटेलच्या तळघरात दोघी बहिणी चादरींना इस्त्री करायच्या. उजाडायच्या आत खाली उतरायचं, दिवेलागणीला वर यायचं. अकरा वर्षं असंच चाललं होतं. आई गेल्यावर थोरलीनेच धाकटीला वाढवलं होतं, म्हणून सगळं तळघर थोरलीला ताई म्हणायचं.

त्या वर्षी धाकटीचं आजारपण काही हटेना. सर्दी गेली की खोकला, खोकला गेला की ताप. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं.

"ड जीवनसत्त्व फारच कमी आहे. जंतूंशी लढणाऱ्या पेशींना ते लागतं. नसलं की त्या ढिल्या पडतात. ऊन अंगावर घेता का कधी?"

"रविवारी. कपडे वाळत घालताना."

डॉक्टरीणबाईंनी आठवड्याला एक अशा गोळ्या दिल्या. "याने आजारपण कायमचं टळेल असं नाही हं. कमतरता तेवढी भरून निघेल," त्या म्हणाल्या. "आणि बहिणीलाही तपासून घ्या."

"मला काय धाड भरलीय?" ताईने उडवून लावलं. पण दुसऱ्या दिवसापासून ती दुपारी धाकटीला अर्धा तास गच्चीवर पिटाळू लागली आणि तिच्या वाटणीच्या चादरी स्वतः उरकू लागली. मुकादमाने विचारलं, तर म्हणायची, "काम होतंय ना? मग झालं तर!"

दोन-अडीच महिन्यांत धाकटीच्या अंगात जरा त्राण आलं. ताई मात्र तोंडाला पदर लावून खोकायची. धाकटीने हटकलं, की म्हणायची, "वाफ गेली गं घशात." एका सकाळी तिला जिना उतरवेना. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया पसरला होता. पाचव्या दिवशी ती गेली.

दवाखान्यात केलेल्या तपासणीत तिचं ड जीवनसत्त्व धाकटीपेक्षाही कमी निघालं.

"आधी गोळ्या दिल्या असत्या तर वाचली असती?" धाकटीने विचारलं.

"सांगता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नुसत्या तेवढ्याने कुणी जात नाही. तिने अंगावर फार काढलं."

हे ऐकून धाकटीला ना धीर आला, ना कुणावर राग काढता आला.

तेरावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. मुकादमाने शेजारच्या टेबलावर नवी बाई उभी केली होती. दुपारी तो खाली मान घालून म्हणाला, "जा, गच्चीवर जाऊन ये. मी सांभाळतो."

धाकटीने इस्त्री खाली ठेवली नाही. चादरींचा ढीग संपला, तेव्हा बाहेर अंधार पडला होता.