आईसाठी आणलेला कमोड

गोकुळ गुरुजीनं दोन हजार तीन साली जव्हारला घर बांधलं, तेव्हा आईसाठी खास नाशिकहून कमोड आणला. चादरीत गुंडाळून, घाटभर दोन्ही हातांनी कवटाळून! "गुरुजी, साधं भांडंच बसवू या की," गवंडी म्हणाला. पण हा कसला ऐकतोय. आईनं जन्मभर वाकून भात लावला, आता तरी तिनं आरामात बसावं. खरं तर गुडघे दुखायचे ते त्याचेच. साठी उलटलेली त्याची आई कोंडी अजून चुलीपुढे खुशाल उकिडवी बसायची आणि हात न टेकता उठायची.

ती गावाहून, वांगणीहून, आली होती पावसाळ्यापुरती. भात कापायला परत जाणार, हे तिनं आल्या आल्याच सांगून टाकलं. गोकुळला मात्र ती कायमची हवी होती.

थोड्याच दिवसांत कोंडीचं अन्न तुटलं. गोकुळनं बायकोवरच तोंडसुख घेतलं, "तूच काहीतरी बोलली असशील." रोहिणी बिचारी रडकुंडीला आली. शेवटी तिनंच सासूला एकटं गाठून विचारलं.

"काय सांगू पोरी," कोंडी पदर तोंडाला लावून म्हणाली, "खुर्चीत बसून कोणाला होतंय का? पाय लोंबतात, पोट दगड झालंय. म्हणून खातच नाय. गोकुळला नको सांगू. हौसेनं आणलाय त्यानं."

रोहिणीनं सांगितलंच. गोकुळ हसला. "होईल सवय," म्हणाला आणि इसबगोल घेऊन आला. हसायला नको होतं त्यानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संडासात धाडकन आवाज झाला. दार तोडलं तर कोंडी फरशीवर पडलेली. कमोडच्या काठावर दोन्ही पाय ठेवून ती वर उकिडवी बसली होती, आणि ओल्या काठावरून पाय सटकला होता. खुबा मोडला होता. तशातही लुगडं सावरत ती विचारत होती, "फुटला नाय ना रं तुझा?"

गोकुळला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "उकिडवं बसलं की आतडं मोकळं होतं, कुंथावं लागत नाही. नुसता पायाखाली पाट दिला असता तरी भागलं असतं. आता पाटही नको, खुबा जास्त वाकवायचाच नाही. उकिडवं तर कधीच नाही."

दिवाळीनंतर पुतण्या लक्ष्या वांगणीहून नवा तांदूळ घेऊन आला. कोंडीनं लगेच गाठोडं बांधलं. "लक्ष्यासंगं जाते आता."

गोकुळ तिच्याजवळ बसला. "आये, तिथं सगळी रानात जातात. तू बसशील कशी?"

कोंडीनं गाठोडं सोडलं आणि लुगडी एकेक करून खाटेवर ठेवली. लक्ष्या एकटाच गेला.

तेव्हापासून गोकुळच तिला बगलेत हात घालून कमोडवर बसवायचा आणि दाराबाहेर थांबायचा. आतून कुंथण्याचा आवाज यायचा.

"झालं का, आये?"

"नाय रं. तू जा शाळेला."