पडका कान

मी एक जुना पेन आहे. मित्रांनो, शाईचे डाग शोधू नका, माझ्यात शाईच नाही. संगणकाला जोडलेल्या काळ्या पाटीवर मला टेकवलं की पडद्यावर प्राणी घडतात. कलतं धरलं की त्यांचे केस निजतात, उभं धरलं की ताठ होतात.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या अंगावर ओरखडा नव्हता. आता शेंड्यावर आमच्या स्टुडिओच्या साहेबांच्या दातांचे ठसे आहेत. विचार करताना साहेब मला चावतात आणि विचार संपला की माझ्याच टोकाने कान कोरतात. निघालेल्या मालाचं वर्णन टाळतो. कुणी जेवता जेवता वाचत असेल.

खरा मी तिथे चित्रं काढणाऱ्या ताईंचा. मुलांच्या सिनेमासाठी त्यांनी एक म्हातारा केसाळ प्राणी घडवला होता. त्याचा डावा कान पडका होता, गेल्या वर्षी वारलेल्या त्यांच्या कुत्रीसारखा. तो कान निजवताना ताई मला इतकं हळू धरत, की मला माझा चिकटपणा विसरायला होई.

एके सकाळी साहेब आले. म्हणाले, "हा झोपलाय का? कान उभे कर. आणि केस केलेच आहेत, तर दिसू देत की."

"सर, जनावर घाबरलं की केस उभे राहतात. हा घाबरलेला नाही, थकलाय."

"थकलेलं लोक घरी बघतातच."

असं म्हणून साहेबांनी मला हिसकावलं आणि स्वतःच कामाला लागले. कान ताठ झाले, केस ताठ झाले. प्राणी संडास घासायच्या ब्रशासारखा दिसू लागला. ताईंनी मान फिरवली. मग मला हातात धरून पाटीवर तसंच टेकवून साहेब मागे वळले आणि बाकीच्यांना कलेवर भाषण देऊ लागले.

काही लोक बोलताना पाय हलवतात. साहेब माझं बटण दाबतात. ते दाबलं की शेवटचं काम पुसलं जातं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. टक्. केस निजले. टक्. उजवा कान होता तसा झाला. टक्. डावा पडला. सगळे आपापल्या चपला न्याहाळू लागले.

साहेब वळले. पडद्याकडे बघून म्हणाले, "बघा, अनुभवी हात लागला की कसा जीव येतो."

"हो सर," ताई म्हणाल्या. "आता कुणीच हात लावू नये."

तर मित्रांनो, जी वस्तू तुमच्यासाठी राबते तिला निदान पुसून ठेवा, आणि आपले दात, आपले कान आपल्यापाशी ठेवा. त्या प्राण्याचा कान वाचला. माझ्या नशिबी पुन्हा साहेबांचा आला.